समुद्र तापतो, रेणापूर भाजते
(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)

३१ ऑक्टोबर २०२३ रोजी महाराष्ट्र शासनाने राज्यातील ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्या यादीत लातूर जिल्ह्यातील रेणापूर तालुक्याचे नाव होते. त्याच्या १४५ दिवस आधी, ८ जूनला, अमेरिकेच्या सरकारी हवामान संस्थेने एक निवेदन प्रसिद्ध केले होते. प्रशांत महासागरात विषुववृत्तालगतचे पाणी नेहमीपेक्षा जास्त तापले आहे, अल निनो सुरू झाला आहे, असे त्यात म्हटले होते. त्या निवेदनात रेणापूरचे नाव असण्याचे काही कारण नव्हते. तरीही या दोन कागदांत नाते आहे. हे नाते माणसाला कसे उमगत गेले आणि उमगल्यावर आपण त्याचे काय केले, याविषयी आज मला बोलायचे आहे.

रेणापूर हे रेणुकामातेचे गाव. नकाशावर पट्टी ठेवून मोजले तर कोकणचा किनारा इथून पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास भरतो. मध्ये सह्याद्री उभा. समुद्र एकदाही न पाहता जगाचा निरोप घेतलेली कितीतरी माणसे आमच्या भागात होऊन गेली. दुष्काळाच्या आठवणी टिपून घेण्यासाठी मी तालुक्यातल्या गावांतून फिरत असतो. एकदा पारावर अल निनोचा विषय निघाला. एक वयस्क गृहस्थ म्हणाले, “सर, समुद्र तापला तर मासोळ्यांनी बघावं. आमच्या हिरीचं पाणी का आटावं?” प्रश्न अगदी रास्त होता. याच प्रश्नाचे उत्तर शोधायला जगातल्या विद्वानांना जवळजवळ शंभर वर्षे लागली आहेत.

तवा आणि रांजण

आधी उत्तर थोडक्यात सांगतो, मग इतिहासाकडे वळू. चुलीवरचा तवा झटकन तापतो आणि झटकन निवतो. पाण्याचा रांजण तापायला वेळ लागतो, पण एकदा तापला की तो रात्रभर कोमट राहतो. जमीन म्हणजे तवा आणि समुद्र म्हणजे रांजण. साऱ्या वातावरणात मिळून जेवढी उष्णता मावते, तेवढी समुद्राच्या केवळ वरच्या तीन मीटर पाण्यात मावते. म्हणूनच मुंबईला दिवस आणि रात्र, उन्हाळा आणि हिवाळा यांत फारसा फरक पडत नाही आणि आमच्याकडे मे महिन्यात अंगाची लाही होते, तर डिसेंबरात शेकोटी पेटवावी लागते.

पण समुद्राचा प्रभाव किनाऱ्यापाशी संपत नाही. प्रशांत महासागरात एरवी पूर्वेकडून पश्चिमेकडे वारे वाहतात आणि तापलेले पाणी इंडोनेशियाच्या बाजूला लोटतात. तिथे हवा वर चढते, ढग होतात, भरपूर पाऊस पडतो. काही वर्षांच्या अंतराने हे वारे मंदावतात. मग तापलेले पाणी उलट पूर्वेकडे, दक्षिण अमेरिकेच्या दिशेने पसरते. पाण्यापाठोपाठ हवा वर चढण्याची जागाही सरकते. एका ठिकाणी हवा वर चढली की दुसरीकडे कुठेतरी ती खाली उतरणारच. अशा वर्षी ती अनेकदा आपल्या डोक्यावर उतरते. उतरणारी हवा दाबली जाते, दाबली गेल्याने तापते आणि ढग विरघळवून टाकते. पाऊस ओढ देतो तो असा.

यानंतरचा भाग उन्हाचा आहे आणि त्याकडे आपले लक्ष कमी जाते. ओल्या जमिनीवर ऊन पडले की त्यातली बरीचशी उष्णता ओल उडवण्यात खर्ची पडते. ओल म्हणजे जमिनीचा घाम. घाम येतो तोवर अंग तापत नाही. पावसाने दगा दिला की काळ्या रानाला भेगा पडतात, ओल खोल जाते आणि जमिनीचा घाम आटतो. मग सगळे ऊन थेट हवा तापवण्याच्या कामी येते. शिवाय अल निनोचा जोर सहसा डिसेंबरच्या सुमारास सर्वांत जास्त असतो. त्याने उष्ण कटिबंधातली हवा आणि हिंदी महासागराचे पाणी तापून जाते, आणि ती ऊब पुढचे चार-सहा महिने टिकते. म्हणजे पावसाळ्यात दुष्काळ आणि त्याच्या पाठोपाठ येणाऱ्या एप्रिल-मे महिन्यांत होरपळ, असा हा क्रम आहे. दुष्काळ आणि उष्णतेची लाट या सख्ख्या बहिणी आहेत. थोरली आधी येते, धाकटी मागून.

तारेने जोडलेले दोन दुष्काळ

आता इतिहास. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. शेजारच्या मुंबई इलाख्यात पुण्याच्या सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाने १८७७ मध्ये धनकवडीला उपाशी मुलांसाठी बालाश्रम काढला. भारतात या दुष्काळात पन्नास लाखांहून अधिक माणसे गेली असे अंदाज आहेत. त्याच सुमारास उत्तर चीन आणि ईशान्य ब्राझील इथेही लोक उपासमारीने मरत होते. आपल्याबरोबर जगाचा अर्धा भाग होरपळतो आहे, हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते.

भारतीय हवामान खाते १८७५ मध्येच सुरू झाले होते. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. त्यांच्या लक्षात आले की १८७७ मध्ये भारतावर हवेचा दाब नेहमीपेक्षा जास्त होता. त्यांनी इतर देशांकडून नोंदी मागवल्या. ऑस्ट्रेलियात ॲडलेडला चार्ल्स टॉड नावाचे अधिकारी तारखाते आणि वेधशाळा दोन्ही सांभाळत. त्यांच्याकडेही हवेचा दाब चढलेला होता आणि दुष्काळही होता. १८८८ मध्ये टॉड यांनी बोलून दाखवले की भारत आणि ऑस्ट्रेलियाचे दुष्काळ बहुधा जोडीने येतात. समुद्राचे दोन काठ एका दोरीने बांधलेले असावेत, ही पहिली शंका इथे आली. मात्र ती दोरी म्हणजे काय, हे कळले नव्हते.

ब्लॅनफर्ड यांनी १८८६ मध्ये मोसमी पावसाचा पहिला अधिकृत अंदाज दिला. त्यांची मदार हिमालयातल्या बर्फावर होती. त्यांच्यानंतर आलेल्या जॉन एलियट यांनी १८९९ मध्ये चांगला पाऊस होईल असे सांगितले आणि त्याच वर्षी देशात पुन्हा मोठा दुष्काळ पडला. तेव्हा या कामासाठी एखादा पक्का गणिती हवा, असे सरकारला वाटू लागले. १९०४ मध्ये केंब्रिजचे गिल्बर्ट वॉकर हवामान खात्याचे प्रमुख झाले. त्यांना हवामानशास्त्राचा अनुभव नव्हता, गणिताचा मात्र दांडगा होता. त्यांनी जगभरचे दाब, पाऊस आणि तापमानाचे आकडे जमवले आणि भारतीय कारकुनांच्या हातून एकमेकांशी ताडून पाहिले. तेव्हा आकडेमोडीची यंत्रे नव्हती. हजारो गुणाकार आणि बेरजा हाताने केल्या गेल्या. त्यातून एक झुला दिसला. प्रशांत महासागरावर हवेचा दाब वाढला की हिंदी महासागरावर उतरतो, आणि उलट. १९२४ मध्ये वॉकर यांनी त्याला नाव दिले ‘दक्षिणी आंदोलन’. आपल्या शेतकऱ्याचा पाऊस मोजता मोजता जगाच्या हवामानातली एक मोठी गोष्ट हाती लागली. त्या कारकुनांची नावे मात्र मागे राहिली.

वॉकर यांच्याकडे हवेचे आकडे होते, पण समुद्राच्या पाण्याचे पुरेसे नव्हते. त्यामुळे झुला हलतो हे कळले, तो कोण हलवते हे कळले नाही. इकडे पेरू देशाच्या किनाऱ्यावरचे कोळी पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट पाहत होते. काही वर्षी नाताळच्या सुमारास समुद्राचे पाणी कोमट होते आणि मासे नाहीसे होतात. बाळ येशूच्या नावावरून त्यांनी त्याला एल निनो म्हटले. कोळ्यांचे पाणी आणि वॉकर यांची हवा ही एकाच झुल्याची दोन टोके आहेत, हे १९६९ मध्ये जेकब ब्यर्कनेस या शास्त्रज्ञाने दाखवून दिले. पारावरच्या त्या गृहस्थांना उत्तर मिळाले ते तेव्हा. ते छापून झाले आणि तीनच वर्षांनी मराठवाड्यात बहात्तरचा दुष्काळ आला.

बहात्तर आणि पेरूचे मासे

बहात्तर म्हटले की आमच्याकडे अजूनही वयाचा हिशेब होतो. “बहात्तरला मी खडीवर होते,” असे म्हणणाऱ्या आयाबाया अजून भेटतात. पाऊस त्याआधीची एक-दोन वर्षेही कमीच होता. १९७२ मध्ये देशभरात सरासरीच्या सुमारे तीन चतुर्थांश पाऊस झाला आणि मराठवाड्यात त्याहून वाईट स्थिती झाली. वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. सरकारने दुष्काळी कामे काढली. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात या कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. रस्ते झाले, पाझर तलाव झाले, खडीचे ढीग लागले. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि सुकडी लोकांनी खाल्ली. चवीबद्दल तक्रार आजही ऐकू येते, पण शतकापूर्वीसारखी माणसे गावोगावी भुकेने पटापट गेली नाहीत. पुढे याच अनुभवातून रोजगार हमी कायदा झाला. परभणीचे कृषी विद्यापीठही १९७२ च्या मे महिन्यातलेच.

माझी आई त्या उन्हाळ्यात खडीवर जात असे. तिची एक आठवण मला फार मोलाची वाटते. ती म्हणायची, “भुकेचं सोसलं बाबा, ऊन नाही सोसलं. हातोडी धरली की हाताला चटका बसायचा.” बायका चांदणीला निघायच्या, दहा-अकरापर्यंत वाटणीची खडी फोडायच्या आणि मुलांना झाडाखाली नाही तर पाटीखाली निजवायच्या. दुष्काळाच्या सरकारी कागदांत पैसेवारी असते, मजुरांची संख्या असते, टँकरचे आकडे असतात. उन्हाचा चटका त्यात नसतो.

त्याच वर्षी पेरूमध्ये काय घडत होते? १९७० मध्ये तिथे अँचोव्ही नावाच्या लहान माशांचे उत्पादन सव्वा कोटी टनांच्या आसपास गेले होते. आधीच बेसुमार मासेमारी आणि त्यात १९७२ चा अल निनो. १९७३ पर्यंत ते वीस लाख टनांच्या आसपास घसरले. या माशांची भुकटी कोंबड्यांना आणि जनावरांना खाऊ घालत. ती मिळेना म्हणून जगाने सोयाबीनच्या पेंडेकडे धाव घेतली. सोयाबीनचे भाव इतके भडकले, की १९७३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने त्याची निर्यातच काही काळ रोखली. आज रेणापूरपासून उदगीरपर्यंत खरिपात जिकडे पाहावे तिकडे सोयाबीन असते. ते पुढे बऱ्याच वर्षांनी आणि वेगळ्या कारणांनी इथे आले. पण आपल्या बाजार समितीतला भाव आणि पेरूचा किनारा यांची पहिली गाठ त्याच साली पडली होती.

सूचना मिळाली, पुढे काय?

१९८२-८३ चा मोठा अल निनो कोणाला आधी ओळखता आला नाही. मग प्रशांत महासागरात ओळीने तरंगती यंत्रे उभी करण्यात आली. १९९४ च्या अखेरीस सुमारे सत्तर यंत्रांची साखळी पूर्ण झाली आणि समुद्राचा ताप रोजच्या रोज कळू लागला. तरीही निसर्गाने शास्त्रज्ञांची परीक्षा पाहणे सोडले नाही. १९९७ मध्ये शतकातला एक सर्वांत मोठा अल निनो होता, पण आपल्याकडे पाऊस सरासरीइतका झाला. २००२ मध्ये अल निनो तेवढा तगडा नव्हता, तरी जुलैमध्ये देशभर सरासरीच्या निम्माच पाऊस पडला. यातून लक्ष आपल्या दारच्या हिंदी महासागराकडे गेले. १९९९ मध्ये साजी आणि यामागाता यांनी आपल्या सहकाऱ्यांसह दाखवले, की हिंदी महासागराचीही पश्चिम आणि पूर्व बाजू आळीपाळीने तापते. पश्चिम बाजू तापली तर आपल्याला पावसाचा आधार मिळू शकतो. पुण्यात जन्मलेल्या आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम केलेल्या सुलोचना गाडगीळ यांनीही विषुववृत्तावरील हिंदी महासागराचे हे अंग उलगडून दाखवले. म्हणजे रेणापूरच्या पावसाला एक नव्हे, दोन समुद्रांचे ऐकावे लागते.

उन्हाची नोंद मात्र बऱ्यापैकी सरळ आहे. १९९७ च्या अल निनोनंतर १९९८ मध्ये ओडिशात उष्णतेने दोन हजारांवर माणसे दगावली. २००२ नंतर २००३ मध्ये आंध्र प्रदेशात तेच घडले. २००९ नंतर मे २०१० मध्ये अहमदाबादेत एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. २०१५ नंतर १९ मे २०१६ रोजी राजस्थानात फलोदीला ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. तोवर देशात एवढे तापमान नोंदले गेले नव्हते.

आणि त्याच २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. हा प्रसंग आपल्या भागाने विसरता कामा नये. २०१४ आणि २०१५ अशी सलग दोन वर्षे मराठवाड्यात सरासरीच्या साठ टक्क्यांच्या आसपासच पाऊस झाला होता. मांजरा धरण कोरडे पडले. मार्चमध्ये लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागू झाली. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन आली आणि ऑगस्टपर्यंत तिच्या शंभराहून अधिक फेऱ्या झाल्या. त्याच एप्रिलमध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात हातपंपावरून पाण्याच्या खेपा करणारी बारा वर्षांची एक मुलगी उन्हाने कोसळली आणि गेली. वर्तमानपत्रांत ती बातमी आली होती. त्या मुलीचा मृत्यू दुष्काळाने झाला की उन्हाने? मला वाटते, दोन्ही बहिणी त्या दिवशी हातपंपावर एकदम आल्या होत्या.

आता तारखा पाहा. हवामान खात्याने २०१५ च्या एप्रिलमध्येच सरासरीच्या ९३ टक्के पावसाचा अंदाज दिला होता. २ जूनला तो ८८ टक्क्यांवर आणला आणि अल निनोचे कारण स्पष्ट सांगितले. प्रत्यक्षात ८६ टक्के पाऊस झाला. ब्लॅनफर्ड आणि वॉकर यांना जे आयुष्यभर साधले नाही ते इथे साधले होते. पहिली पाणीगाडी येण्याच्या दहा महिने आधी सूचना हातात होती. त्या दहा महिन्यांत आपण नव्या विंधन विहिरी पाडत राहिलो. उसाला पाणी जात राहिले. १८७७ मध्ये आपल्याला कळलेच नव्हते. १९७२ मध्ये कळायला उशीर झाला, पण सरकार आणि समाज धावून गेले. २०१५ मध्ये वेळेवर कळले आणि तरी गाडी आणावी लागली. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला हीच गोष्ट सर्वांत जास्त टोचते.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. सगळे ऊन अल निनोच्या खाती टाकता येत नाही. २०२२ मध्ये प्रशांत महासागर उलट नेहमीपेक्षा थंड होता, ज्याला ला निना म्हणतात. तरीही त्या वर्षीचा मार्च देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. कारण आता सारा रांजणच तापत चालला आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले आहे, की पश्चिम हिंदी महासागर उन्हाळ्याच्या महिन्यांत शंभर-सव्वाशे वर्षांत सुमारे १.२ अंशांनी तापला आहे. आकडा लहान दिसतो. पण एवढ्या मोठ्या रांजणाला एक अंश तापवायला किती सरपण लागले असेल, याचा विचार करावा.

मग करायचे काय? अहमदाबादने २०१० चा धडा घेऊन २०१३ मध्ये उष्णतेसाठी आराखडा केला. दवाखान्यांची तयारी, मजुरांच्या वेळा, पाण्याची सोय, लोकांना आधी इशारा, अशा त्यातल्या गोष्टी साध्याच आहेत. महाराष्ट्रात नागपूरने तो मार्ग धरला. शहरांना हे जमते तर तालुक्याला का जमू नये? रोजगार हमीच्या कामाची वेळ पहाटेची करणे, कामावर सावली आणि पाणी ठेवणे, शाळा लवकर सोडणे, आरोग्य उपकेंद्रात क्षारसंजीवनीची पाकिटे असणे, चाऱ्याचा हिशेब दिवाळीतच मांडणे आणि विहिरींची पातळी बघून उसाच्या नव्या लागवडीला थांब म्हणणे, यांतल्या कशालाही परदेशी तंत्रज्ञान लागत नाही. लागते ती फक्त वेळेवर घेतलेली दखल.

पाडव्याला आपण पंचांग वाचतो. मृगाचे वाहन म्हैस आहे की बेडूक, हे उत्सुकतेने ऐकतो. ते ऐकावे, त्यात परंपरेचा आनंद आहे. पण अल निनो भरात येतो डिसेंबरात आणि त्याचे ऊन आपल्या रानात उतरते एप्रिलमध्ये. या दोहोंच्या मध्ये २६ जानेवारीची ग्रामसभा येते. त्या सभेत हवामान खात्याचा आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला मोठ्याने वाचून दाखवावा, समुद्र यंदा कसा आहे ते गावाला सांगावे आणि त्यावर ठराव घ्यावा. त्याला दहा मिनिटे लागतील. हातपंपावर गेलेल्या त्या मुलीसाठी एवढा वेळ कोणीतरी काढायला हवा होता.